निकेल साहेबाचं थिएटर

अजून आठवलं तरी डोकं तडकतं! न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावी आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत क्विझ होती. शेवटचा प्रश्न आला, "अमेरिकेतल्या सुरुवातीच्या स्वस्त थिएटरांना निकेलोडियन का म्हणत?"

मी ताडकन उठले. "निकेल म्हणजे तिथलं पाच सेंटचं नाणं, आपल्या न्यूझीलंडात यंदा बंद झालं ना, तसलंच. तेच तिकीट. आणि ओडियन म्हणजे ग्रीकांचं नाट्यगृह."

क्विझ घेणाऱ्या जोशीकाकांनी उत्तराची चिठ्ठी बघितली. "चूक! निकेल नावाच्या साहेबाने काढलेलं थिएटर."

"कोण हा साहेब, काका?"

"वहिनी, चिठ्ठीत आहे तेच उत्तर."

एका मार्काने आमची टीम हरली. परतताना गाडीत नवऱ्याला विचारलं, कारण मंडळाचा सेक्रेटरी तोच. "चिठ्ठ्या कोणी लिहिल्या रे?"

"मीच. त्या एकाचं उत्तर सापडेना, मग दिला एक साहेब ठोकून."

"अरे, मग मला विचारायचं ना!"

"तुला कसं विचारणार? तू खेळणार होतीस. चीटिंग झालं असतं."

पुढच्या सिग्नलला मी पैठणी सावरत खाली उतरले. म्हटलं, "आता तुझ्या त्या साहेबालाच घेऊन जा घरी!"