चार टीव्ही, एक फोन

वायरमन : ते सगळं ठीक आहे, पण चौथा टीव्ही टांगणार कुठं? भिंत संपली.

उपसंपादक : कपाट हलव. पुस्तकं आतल्या खोलीत जातील.

वायरमन : माझं ऐका साहेब. एक टीव्ही, एक रेकॉर्डर. चारही चॅनेलच्या संध्याकाळच्या बातम्या टिपून ठेवेल. तुम्ही निवांत एकेक बघा. निम्म्या तारा वाचतात.

उपसंपादक : एकेक बघून काय कळणार? कुणी कशानं सुरुवात केली, कुणी काय खाली ढकललं, ते शेजारी शेजारी लावल्याशिवाय दिसत नाही. पेपरच्या डेस्कवर तूच लावले होतेस ना चार?

वायरमन : तिथं मोठा हॉल होता. इथं तुम्ही पलंगावर बसलात की पाय पडद्याला लागतील. आणि रेकॉर्डिंगवाले चारही सेट-टॉप बॉक्स एकाच कंपनीचे घेऊन ठेवलेत. एका रिमोटनं चारही हलणार.

उपसंपादक : हलू देत. एकदमच सुरू व्हायला हवेत.

वायरमन : वहिनी असत्या तर एकसुद्धा आत येऊ दिला नसता.

उपसंपादक : ती असती तर मी आणलाच नसता.

(वायरमन टेप लावून भिंत मोजतो.)

वायरमन : पण मला एक सांगा, रेकॉर्डिंगची भानगड कशाला? रिटायर झाल्यापासून संध्याकाळी तुम्ही घरीच असता. तेव्हाच बघायचं.

उपसंपादक : तेव्हा बघतोच. पण फोनची वेळ बदलली.

वायरमन : कुठला फोन?

उपसंपादक : डेस्कला करतो तो. आपल्या पेपरात काय सुटलंय ते कळवायचं. आधी बातम्या संपल्या की लगेच करायचो. आता सकाळी करावा लागतो, आणि रात्रीतून निम्मं डोक्यातून जातं. परवा एका पुढाऱ्याची बातमी दुसऱ्याच्या नावावर घातली. त्यानं पकडली.

वायरमन : कुणी?

उपसंपादक : डेस्कनं.

वायरमन : साहेब, आता कसं सांगू... डेस्क तिथं नाही. सगळे वरच्या मजल्यावर गेले. तो जुना फोन मीच खाली ओढून घेतला. तो आता —

उपसंपादक : पहारेकऱ्याच्या टेबलावर वाजतो.

वायरमन : तुम्हाला माहीत आहे?

उपसंपादक : अरे, आयुष्यभर फोनवरून बातम्या घेतल्या मी. पहिल्याच दिवशी कळलं. मागं कुणीतरी गाडी काढायला सांगत होतं. डेस्कवर गाडी कुठली?

वायरमन : आणि तरी रोज करता?

उपसंपादक : त्यानं विचारलं, "काय आलंय?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. डेस्कवरची पोरं म्हणायची, "सर, बघितलं मोबाइलवर." हा म्हणतो, "मग पुढं काय झालं?" आता त्याची ड्युटी सकाळची झाली, म्हणून हा सगळा खटाटोप.

वायरमन : पहारेकऱ्यासाठी चार टीव्ही.

उपसंपादक : हसू नकोस. संध्याकाळी सोपं होतं, तेव्हा पेपर छापलेला नसायचा. सकाळी ताजा अंक वाचून बसलेला असतो तो. त्यात नाही तेवढंच सांगायचं. आणि चुकून चालत नाही.

वायरमन : ताई फोन करत असतील की.

उपसंपादक : पोरगी रविवारी करते. बातम्या नको म्हणते, तुमचं बीपी वाढतं. मग गोळ्या घेतल्या का, एवढंच उरतं. तू माप घे. थांबलास का?

वायरमन : खरं म्हणजे मी आज माप घ्यायला आलोच नाही. तुम्ही दार उघडल्या उघडल्या भिंत दाखवली, मग बोलता आलं नाही.

उपसंपादक : मग आता बोल.

वायरमन : पेपर ती इमारत सोडतोय. जुन्या लाइनी काढायला सांगितल्यात मला. शुक्रवारपर्यंत.

उपसंपादक : सगळ्या?

वायरमन : सगळ्या. एका फोनसाठी लाइन कोण ठेवणार? नव्या जागेत पहारा दुसऱ्या एजन्सीचा आहे. आपला पहारेकरी आता एका गोदामावर लागतोय.

उपसंपादक : मला काही बोलला नाही.

वायरमन : त्याला सांगवेना. मला म्हणाला, "तू घरी जा आणि साहेबांना माझा मोबाइल नंबर देऊन ये." घ्या, लिहून घ्या.

उपसंपादक : राहू दे.

वायरमन : का? माणूस तोच आहे. उलट गोदामावर त्याला वेळच वेळ असेल.

उपसंपादक : माणूस तोच आहे रे. पण तिथं मी डेस्कला फोन करत होतो. मोबाइलवर केला की तो आधी विचारणार, "कसे आहात?"

वायरमन : विचारू दे की.

उपसंपादक : रोज काय सांगू त्याला?