ओरिजिनल कॅसेट

ओरिजिनल कॅसेट नि कॉपीत काय फरक, असं तुमी मले नेहमी इचारता. ऐका मंग.

ज्या हार्ड रॉक अल्बमसाठी मी पागल आहो, त्याची ओरिजिनल कॅसेट सिंदेवाहीकडं शामरावभाऊपाशी निंगाली. भाऊ ती भोंग्यावर लावून धानातून रानडुकरं हाकलत.

"भजन लावलं तं डुकरं हालत नाई. मी देत नाई," म्हणे.

मीबी हटलो नाई. चार चकरा मारल्या. शेवटी तेच गाणे पेनड्राइव्हमंधी भरून देल्ले, तवा कॅसेट हाती आली.

आठ दिवसात भाऊचा फोन. "डुकरं वापस आले. माही कॅसेट आणून दे."

"काऊन? गाणे तं तेच हायेत ना!"

"तेच हायेत. पण डुकरं भेत नाई."

कॅसेट तं मी देतच नाई. पण पाहा, जो फरक तुमाले समजत नाई, तो डुकरायले समजला!