टायर ठरले, ड्रायव्हर ठरेना

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. चिराग माणिकपूरला टायरच्या दुकानात पंक्चर काढून घ्यायला बसला होता. शेजारी ज्युड अंकल आणि त्यांची मुलगी स्टेफी. जानेवारीत घरची फोर बाय फोर जीप घेऊन बर्फात निघालेत, थेट हिमाचलात स्पितीला. चिरागचे कान टवकारलेले.

"चिखलाचेच टायर घे, बाय. वाडीत कधी अडकलोय का?"

"पप्पा, थंडीत ते रबर दगड होतं. बर्फाला मऊ रबर लागतं."

"मग पुढे दोन मऊ घे."

"आणि मागून गाडी गरागरा फिरू दे? चारही घ्यायचे."

"अगं, आपली चारही चाकं ओढतात."

"ओढतात. पण थांबायचं कसं? ब्रेक मारला की सगळ्या गाड्या सारख्याच."

"बरं, चारही घे. पण चालवणार मी. वाडीत पाणी सोडून घसरायचा सराव केलाय."

"त्यात मम्मीची केळी आडवी झाली."

"दोनच."

"तिसरी खुराड्यावर पडली. मीच चालवणार."

"मग मी येत नाही."

"मग मम्मीपण येणार नाही. आयुष्यात एकदा बर्फ बघायचाय तिला."

मग अंकल एकदम चिरागकडे वळले.

"तू सांग रे, हिच्या मम्मीला कोणाच्या शेजारी बसवू?"

चिराग आपलं पंक्चर झालं का बघायला उठला. तू काय सांगितलं असतंस?