भरताना पिचलेल्या बांगड्या

पौडच्या बाजारातल्या कासाराची रीतच वाकडी. बांगडी पिचली की खापर बाईच्या हातावर. माझ्या पुढं धनगराची चिमाबाई हात भरायला बसली होती.

“मावशे, दोन पिचल्या. दोन्हींचं नवं पैसं टाक.”

“भरताना पिचली तर कासाराची. रीतच हाय तशी.”

“हात न्हाई, मुसळ हाय तुझं.”

“मुसळाचं माप तुमीच काढलं की.”

“तू हसलीस, म्हनून हात हलला.”

“शेळीला नथ घाला म्हनून हसवलं कुनी?”

“पैसं न्हाई, तर पुढची बांगडी न्हाई.”

“नातवाच्या बारशाला एक हात मोकळा ठिऊन जाऊ व्हय?”

बाया खदखदल्या. मी पुढं सरकले.

“कासारदादा, माप तुमचं, दाबनं तुमचं, हसवनंबी तुमचं. मग काच तेवढी तिची कशी? भरा तिचा हात, न्हाईतर आमी समद्या उठतो.”