पाववाल्याची झोप आणि टबवाल्यांचा संघ

…नाही, तुम्ही आधी माझं पूर्ण ऐकून घ्या आणि मग ठरवा मी खडूस आहे की नाही ते. सगळं वाल्मोरेना गाव मला खडूस म्हणतं, म्हणू दे. पण मला एक सांगा, पाववाल्यानं झोपायचं कधी? तुम्ही रात्री झोपता, कारण सकाळी तुम्हाला गरम पाव मिळणार असतो. तो करतो कोण? मी. तुम्ही घोरता तेव्हा मी कोपरापर्यंत पिठात असतो, आणि तुम्ही जेवूनखाऊन कामाला लागलात की मी आडवा होतो. दुपारची झोप, या पृथ्वीतलावर एवढीच काय ती माझी मिळकत. आणि ती कुणी खाल्ली? बास्केटबॉलनं.

सुरुवात केली फादर सेवेरिनोंनी. चर्चचं पटांगण आणि माझी झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या बाजूला पटांगण, या बाजूला माझी उशी. एवढं मोठं पटांगण, चार बाजूंना चार भिंती, पण या देवमाणसानं लोखंडी रिंग ठोकली कुठे, तर बरोब्बर माझ्या डोक्यामागे. धप्प… धप्प… धप्प… आणि मग जरा शांतता. ही शांतता सगळ्यात वाईट. कारण तेव्हा चेंडू हवेत असतो ना. तुम्ही डोळे मिटून, दात आवळून वाट बघत पडायचं, आणि मग… धाड्.

गेलो फादरकडे. फादर कसे बोलतात माहीत आहे ना, तुपात घोळून… "अदेल्मो, पोरं माझ्या नजरेसमोर आहेत, बारमध्ये नाहीत, हे बघ ना बाळा." म्हटलं, "फादर, बारमध्ये गेली असती तर मी झोपलो असतो." तर म्हणाले, "हे शनिवारी कन्फेशनला येऊन सांग." घ्या. झोप माझी गेली आणि पापही माझ्याच खात्यावर.

बरं, मला वाटलं, आज ना उद्या पोरं कंटाळतील. आमच्या गावात कुठली गोष्ट टिकली आहे? बीटची शेतं, धुकं, आणि जो होता तो साखर कारखानाही बंद पडलेला. पलीकडचं ते जिल्ह्याचं शहर, तिथले लोक आम्हाला बीटखाऊ म्हणतात. लग्नाला गेलो तरी म्हणतात, मयताला गेलो तरी म्हणतात. अशा गावात कोण कशाला जिंकेल? पण ही पोरं जिंकायला लागली. सगळ्यात खालच्या गटातून वरच्या, त्यातून आणखी वरच्या. आणि जिंकली की सराव वाढतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हरलेला संघ घरी जाऊन झोपतो हो. जिंकलेला दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास जास्त धप्प धप्प करतो. मग पाववाल्यानं झोपायचं कधी?

मी काय केलं सांगू? संत अंतोनिओला मेणबत्ती लावली. भली मोठी लावली. म्हटलं, बाबा, या पोरांना हरव. रविवारी पोरं तीस गुणांनी जिंकली. मग लक्षात आलं, हा संत हरवलेलं शोधून देणारा. हरवायचं खातं त्याच्याकडे नाहीच. मेणबत्ती फुकट गेली, ती गेलीच.

आणि घरात काय चाललं होतं? माझी बायको इओले. गल्ल्यावर बसते, तुम्ही बघितलंय तिला, दुकानात कधी वर मान करून बोलली नाही. ती एका रविवारी फादरनी सांगितलं म्हणून पोरांना पाव द्यायला गेली. परत आली ती घसा बसलेली. म्हटलं, "थंडी लागली का?" म्हणाली, "नाही. पंच आंधळा होता."  लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईनं मला मोठ्यानं हाक मारली नव्हती, आणि तिनं एका परक्या माणसाला, सगळ्या गावादेखत, आईवरून शिवी दिली होती. वर जेवताना मला मिठाच्या डबीनं दाखवते, "हा आपला खेळाडू, हा त्यांचा, इथं आपल्यातल्या एकानं याची वाट अडवली की तो सुटतो." म्हटलं, मीठ दे इकडे, सूप अळणी आहे. "थांब, आधी पास होऊ दे."

मग आला इलारिओ ताम्बुरेल्ली. आंघोळीचे टब बनवतो तो. माझ्याच वर्गातला, माझ्याच बाकावरचा, तेव्हा नाक पुसायला रुमाल नव्हता त्याच्याकडे. आता सरकारनं त्याला बिल्ला दिलाय, म्हणून कवालिएरे म्हणायचं. त्यानं संघ घेतला. नाव काय ठेवलं? ताम्बुरेल्ली टब. हसू नका. चार हजार माणसं गळ्यातले मफलर फिरवत "टब, टब, टब" असं ओरडतात, तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटतं, या गावाला पाणी मिळत नाही की काय.

त्यानं मोठं बंदिस्त स्टेडियम बांधलं. मला काय आनंद झाला. म्हटलं, सुटलो, आता धप्प धप्प तिकडे. छे हो. स्टेडियम बांधलं माझ्या भट्टीमागच्या बीटच्या शेतात, आणि गाड्या लावायची जागा माझ्या दारासमोर. पूर्वी एक चेंडू होता, आता चारशे हॉर्न. आणि रिकामं पटांगण काय मोकळं राहतंय? आता गावातलं प्रत्येक कार्टं बास्केटबॉलच खेळणार. म्हणजे भिंतीवरही धाड्, आणि दारातही पॉं. पाववाल्यानं झोपायचं कधी, हा प्रश्न मी गावसभेत उभा राहून विचारला. सरपंच म्हणाला, "अदेल्मो, रविवारी तुझा पाव दुप्पट खपतो." हे उत्तर झालं का?

तेवढ्यात ताम्बुरेल्लीनं अमेरिकेहून एक खेळाडू आणला. थॅडियस. ते नाव आमच्या तोंडात बसेना, म्हणून गावानं त्याचा तादेओ करून टाकला. काळासावळा, ताडमाड, आणि शांत. त्याला ठेवायचं कुठे? इओलेनं परस्पर सांगून टाकलं, "आमची वरची खोली रिकामी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या स्वयंपाकघराच्या दारात वाकून उभा. म्हणतो, "काका, मी भूक." क्रियापद नाही, काही नाही. मी पाव दिला. "काका, मी पुन्हा भूक." पुन्हा दिला. इओलेनं सुपातले काप्पेल्लेत्ती, म्हणजे आमच्याकडच्या सारण भरलेल्या बारक्या करंज्या, वाढले, तिसऱ्या वाढणीला त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "मी इथे मरणे." इओलेनं ॲप्रन डोळ्याला लावला. मी म्हटलं, मर, पण दुपारी नको, दुपारी मी झोपतो.

आणि हा माणूस झोपायचा हो. तेच तर माझं दुखणं. दुपारी वरच्या खोलीत, पाय पलंगाच्या बाहेर स्टुलावर, खाली हॉर्न, पलीकडे धाड् धाड्, आणि हा ढाराढूर. एकदा विचारलं, "तुला झोप लागते कशी रे?" तर म्हणाला, "काका, माझं आई घर, रेल्वे खाली. आवाज आहे, आई आहे. आवाज नाही, काहीतरी वाईट." मी म्हटलं, तुझ्या आईला नमस्कार सांग, पण मला हे पटलेलं नाही.

आता सगळ्यात वरच्या गटात जायचा सामना. समोर कोण? जिल्ह्याचं शहर. तेच, बीटखाऊवाले. गाव आठवडाभर जेवलं नाही. फादरनी प्रवचनात लहानग्या पोरानं लोळवलेल्या राक्षसाची, गोलियथची गोष्ट सांगितली आणि त्यात तादेओ कुठे बसवायचा हेच त्यांना कळेना, कारण आमच्याकडे राक्षसच आपल्या बाजूचा. इओले म्हणाली, "अदेल्मो, आज तू आला नाहीस तर भट्टीत मी पाणी ओतीन." गेलो. काय करणार?

बसलो. दोन्ही बाजूला माणसं चिकटलेली, उबदार. ढोल वाजतायत, लोक छाती फोडून ओरडतायत, इओले पंचाच्या खानदानाची चौकशी करतेय. आणि मला… तुम्हाला सांगतो, खोटं नाही… मला झोप लागली. अशी झोप की आईच्या कुशीनंतर लागली नसेल. चार हजार माणसांत. किती वेळ झोपलो माहीत नाही. कुणीतरी माझ्या अंगावर पडलं, डोळे उघडले, तर फादर सेवेरिनो माझ्या मांडीवर बसून रडतायत आणि इओलेचा एक बूट हरवलाय. म्हटलं, "काय झालं?" शेवटचा चेंडू, एक गुण मागे, तादेओनं कोपऱ्यातून फेकला, घंटा वाजली आणि चेंडू आत. सगळ्या गावानं बघितलं. आंधळ्या जुस्तिनानंसुद्धा बघितलं म्हणते. फक्त मी नाही बघितलं. आणि टीव्हीवर काय दाखवलं? तो चेंडू, आणि चेंडूच्या मागे तोंड उघडं टाकून झोपलेला मी. आजही बारमध्ये शिरलो की कुणीतरी घोरतं.

पुढं दोन वर्षं देशातले मोठमोठे संघ आमच्या बीटच्या शेतात येऊन मार खाऊन गेले. मी शिव्या घालत होतो, भरपूर घालत होतो. दुपार आली की खिडकीत उभा राहून घालायचो. नियम म्हणजे नियम.

आणि मग एका सोमवारी बातमी आली. ताम्बुरेल्लीनं संघ विकला. म्हणजे पोरं नाही विकली, जागा विकली. वरच्या गटातली आमची जागा, समुद्राकाठच्या एका मोठ्या शहराला. आमच्या खेळात तसं चालतं म्हणे, कायदेशीर आहे म्हणे. जागा गेली की संघ गेला, संघ गेला की तादेओ गेला. निघताना तो इओलेच्या गळ्यात पडला, मग माझ्याकडे वळला. तोपर्यंत त्याला क्रियापदं यायला लागली होती. म्हणाला, "काका, आता तुम्ही झोपा." त्यात टोमणा नव्हता हो. त्याचंच जास्त लागलं.

त्या दुपारी मी पडलो. हॉर्न नाही. पोरांनी रागानं रिंग उपटून टाकली होती, त्यामुळे धाड् नाही. काही म्हणजे काही नाही. इतकी वर्षं मागितलेली शांतता अशी छातीवर बसली. डोळा लागेना. इओले खाली गल्ल्यावर, पुन्हा मान खाली. मी उठलो आणि ॲप्रनवरच, पिठाच्या हातांनी, टबच्या कारखान्यात गेलो. ताम्बुरेल्ली गाडीत बसत होता.

"इलारिओ, का विकलास?"

"तू विचारतोयस? तू? गावसभेत माझ्याविरुद्ध सगळ्यात जास्त बोलला कोण, अदेल्मो? तुला तर झोपायचं होतं. जा, झोप."

"ते माझं मी बघीन. मी शिव्या घालत होतो, बरोबर. अरे पण शिव्या घालायला तरी माणसाचं स्वतःचं काही असावं लागतं ना. तू तेही विकलंस."

"कारखाना तोट्यात आहे. संघ ठेवू की कामगार ठेवू?"

आणि कामगारांत माझा सख्खा मेहुणा. मी त्याच्या काळ्या गाडीवर पिठाचा पंजा उमटवला आणि परत आलो. तेवढाच माझा पराक्रम.

पुढे फादरनी सगळ्यांना चर्चमध्ये बोलावलं. पुन्हा सगळ्यात खालच्या गटातून सुरू करायचं, गावच्या पोरांना घेऊन, टबशिवाय. पण अध्यक्ष कोण? सगळे छताकडे बघायला लागले. आणि इओले उठली. दुकानात मान वर न करणारी इओले, पंचांना शिव्या घालते त्या आवाजात म्हणाली, "अदेल्मो. या संघात काय काय वाईट आहे ते त्याच्याइतकं कुणालाच पाठ नाही." सगळे हसले, टाळ्या वाजवल्या, झालं. मला कुणी विचारलं नाही.

तर आता रिंग ठोकायला शिडी मी धरतो. भिंत तीच, कारण दुसऱ्या भिंती ओल्या आहेत. संघ अजून एकही सामना जिंकलेला नाही, म्हणून सराव वाढवलाय. तो मीच वाढवला, दुपारचा. मग पाववाल्यानं झोपायचं कधी? ते आता मी कुणाला विचारू?

परवा समोरच्या घरात राहायला आलेला नवा नोटरी दुकानात आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. म्हणाला, "मी शांततेसाठी या गावात आलो. हा चेंडूचा आवाज बंद करा असं सांगायचंय, अध्यक्ष कुठे भेटतील?" मी त्याला पाव बांधून दिला आणि म्हटलं, "साहेब, त्याच्या नादी लागू नका. अतिशय हट्टी माणूस आहे, कुणाचं ऐकत नाही." आतून इओले म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला."