नुसत्या दोन कड्या

नाही नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा! पण मला एवढंच सांगा, छऱ्याच्या पिस्तुलावर दुर्बीण बसवायची तर माणसाला लागतं काय? कड्या! नळी धरायला पुढे एक, मागे एक, स्क्रू पिळला की झालं! नुसत्या दोन कड्या हो! आणि त्यासाठी माझा अख्खा शनिवार गेला, जेवण गेलं, झोप गेली, आणि शेवटी जे झालं ते... थांबा, नीट सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, लुबोर, एकसष्टाव्या वर्षी तुला दुर्बीण कशाला? अहो, जत्रेसाठी! आमच्या हाव्रानोवची ऑगस्टमधली जत्रा. देवळामागे नेमबाज मंडळाची फळी, फळीत काड्या, काडीवर कागदी गुलाब. दहा पावलांवरून, तीन छरे. काडी मोडली की फूल तुमचं. लाल बायकोला, पांढरा प्रेयसीला, पिवळा सासूला. आणि जे पडेल ते तिथल्या तिथे, सगळ्या गावासमोर, गुडघा टेकून द्यायचं. पडेल ते! नियम म्हणजे नियम!

तर लग्नाला झाली एकतीस वर्षं. एकतीस जत्रा. लाल गुलाब किती? शून्य! एकही नाही! आणि आमचा शेजारी बोहूश, विधुर माणूस, विधुराला कोणालाही फूल द्यायची सवलत, तो दर वर्षी टक्कन एक लाल पाडतो, आमच्या क्वेतासमोर गुडघा टेकतो आणि म्हणतो, "घ्या वहिनी, लुबोरच्या वतीने!" वतीने! मी काय मेलोय? आणि ते फूल वर्षभर आमच्या एकुलत्या एक फुलदाणीत, जेवणाच्या टेबलावर. मी तीनशे पासष्ट दिवस बोहूशच्या गुलाबाकडे बघत कोबीचं सूप पितो! वर सासूबाई, वय शहाऐंशी, जीभ अठराची... "क्वेता, अगं, याला देवळाचा मनोरा तरी दिसतो का विचार."

आणि यंदा मंडळाने ठराव केला, साठीपुढच्यांना दुर्बीण चालेल! मी म्हटलं, लुबोर, देव पावला! दुर्बीण आणली, खास पिस्तुलाची, हात लांब करून बघायची. राहिलं काय? नुसत्या दोन कड्या हो!

गेलो ओताकार आजोबांच्या दुकानात. सायकली, गळ, छरे, सगळं एकाच खोलीत. मी म्हटलं, "आजोबा, दोन कड्या द्या." आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठल्या?" म्हटलं, "गोल!"... अहो, माणसाने असं बघितलं माझ्याकडे! मग एक खण उघडला. मग दुसरा. मग तिसरा! तुम्हाला सांगतो, मी टोपी काढून हातात घेतली, देवळात काढतो तशी. बुटक्या कड्या, उंच कड्या, मधल्या कड्या! जाड नळीच्या, बारीक नळीच्या, रुंद खाचेच्या, अरुंद खाचेच्या, दोन सुट्या, दोन जोडलेल्या, पोटात खिळा असलेल्या! मी एकसष्ट वर्षं या पृथ्वीवर वावरलो आणि मला हे माहीतच नव्हतं! मी काय जगलो?

"बुटकी घेतलीस," आजोबा म्हणाले, "तर पिस्तुलाची नळी वाकवून छरा भरताना बोटं दुर्बिणीला ठेचतील. उंच घेतलीस तर जवळचा नेम खाली जाईल. आण इकडे पिस्तूल." आणि त्यांनी डोळे मिटले... मिटले हो! आणि अंगठ्याचं नख पिस्तुलाच्या पाठीवरच्या, कड्या बसायच्या खाचेतून फिरवलं. "अकरा मिलिमीटरची खाच. पण झिजलीय. साडेदहा." मी म्हटलं, काहीतरीच! त्यांनी माप लावलं. साडेदहा! केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही! माझ्या अंगावर काटा आला. नखाने! आमच्या डॉक्टरला मशीन लावून माझं दुखणं सापडत नाही!

"आणि स्प्रिंगचं आहे," आजोबा म्हणाले, "म्हणजे दोन धक्के. आधी मागे, मग पुढे. तोफेवरची दुर्बीण टिकेल, पण यावरची टिकेल याची खात्री नाही. तू ही खिळ्याची जोडकडी घे. पिस्तुलाला एवढंसं भोक पाडतो, खिळा त्यात बसला की बापजन्मात घसरायची नाही."

भोक! माझ्या वडिलांच्या पिस्तुलाला भोक! अहो, त्यांनी ते तेल पाजून पाजून सांभाळलं, मरताना मला म्हणाले, आईला बघ आणि पिस्तुलाला गंज लागू देऊ नकोस. मी म्हटलं, "आजोबा, माझ्या कपाळाला पाडा, याला नाही!" ते म्हणाले, "मर्जी तुझी. मग या सुट्या ने. पण दर दहा छऱ्यांनी कसत जा. मागची कडी सुटणार म्हणजे सुटणार." हो हो म्हटलं. आपण सगळ्यांनाच हो हो म्हणतो.

घरी येऊन बसवली, डोळा लावला आणि... आई गं! दहा पावलांवरची आगकाडी खांबाएवढी! तिच्यावर मुंगी, मुंगीला मिशा! मी क्वेताला ओरडून बोलावलं. "बघ, मुंगीला मिशा आहेत!" ती म्हणाली, "आणि तुझ्या मिशांना जाम लागलाय." दहातल्या नऊ काड्या मोडल्या मी! जत्रेच्या सकाळी आनंदाच्या भरात शंभर छरे मारले. शंभर! आणि कसलं किती वेळा? ... ते विचारू नका.

जत्रा! सगळं गाव जमलेलं. फळीसमोरच्या बाकावर सासूबाई, दर वर्षीची त्यांची जागा. मी उभा राहिलो, हात लांब, लाल गुलाबाची काडी दुर्बिणीत बरोब्बर मधोमध. फट्! मागचा पत्रा वाजला. "मनोरा मोठा आहे रे, तो मार!" बोहूश. दुसरा, फट्! पत्रा. क्वेता ओठ चावत उभी. तिसरा... फट्! काडी मोडली! फूल पडलं! मी उडी मारणार तेवढ्यात बघतो तर... पिवळं!

अहो, त्या पिवळ्याला आजवर कोणी छरा लावलेला नव्हता! सासूसाठी नेम धरतो कोण? वर्षानुवर्षं तेच फूल, उन्हाने फिकट पडलेलं, तसंच मंडळाच्या पेटीत जायचं नि तसंच बाहेर यायचं. पण नियम म्हणजे नियम. मी गेलो, बाकासमोर गुडघा टेकला, फूल पुढे केलं. आता जीभ सुटणार म्हणून मान खाली घातली... काही नाही! वर बघतो तर म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! म्हणाल्या, "पंचवीस वर्षं समोर बसून बघतेय याच्याकडे. वाटलं, मेल्यावरच कोणीतरी आणून ठेवील." आणि ते डोक्यावरच्या रुमालाला टोचून घेतलं. ही बाई दर वर्षी मला हसायला येते असं समजत होतो मी!

बोहूशने नेहमीसारखा लाल पाडून आणला. क्वेता म्हणाली, "राहू दे भाऊजी, आमच्याकडे फुलदाणी एकच आहे, यंदा तीत आईचं फूल." एकतीस वर्षांत पहिल्यांदा! गाव टाळ्या वाजवतंय, "काय काळीज आहे, मुद्दाम सासूचं फूल मारलं!" मीही मान डोलावली... डोलावणारच ना! तेवढ्यात ओताकार आजोबा आले, मागची कडी नखाने हलवली, ती लोंबत्या दातासारखी हलली. त्यांनी खिशातून स्क्रू कसायची किल्ली, ॲलन की, काढली. मी म्हटलं, पिळा, आजोबा, पिळा! पुढच्या वर्षी लाल!

आणि ती किल्ली वरच्या वर कोणी घेतली? सासूबाईंनी! माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "जावईबापू, डोळा तुझा लाल फुलावर होता, मला का दिसत नाही? मनोरा मला दिसतो. पण पोचलं ना माझ्यापर्यंत? मग झालं तर."

तेव्हा कड्या कुठल्या घ्याव्यात हे विचारायला माझ्याकडे येऊ नका. तीन खण बघून, आजोबांचं नख बघून, मी निवडल्या नुसत्या दोन कड्या हो, त्यातली एक सैल आहे, आणि ती कसायची किल्ली सासूबाईंच्या उशाखाली आहे.