आगाऊ मुनादी

तुमच्या नावापुढं काय लावू जी — ‘ज्येष्ठ नागरिक’ का ‘प्रगतिशील शेतकरी’? लवकर सांगा, आमच्या ह्याइनं आत दाराले गोधडी टांगली आहे, कावळ्याचा आवाज येऊ नये म्हनून, आन् एकदा का मोबाईलात आवाज भराले बसले का मंग कोनाचं आयकत नाईत. बसा ना, खाटेवर बसा, ती खुर्ची मोडकी आहे. प्रगतिशील? बरं. सारे प्रगतिशीलच घेतेत. एकशे चाळीस जनांच्या बातम्या झाल्या आतापर्यंत, त्यात एकशे सोळा प्रगतिशील. आमच्या गावात एवढी प्रगती होती हे आमाले लोकाइच्या मरनाच्या बातमीतच समजलं. वय? — अंदाजे कसं जी? बरं, अंदाजे लिहिते. वाराची जागा रिकामी सोडतो आमी, कोन कोन्या वारी जाईन ते कोनाले मालूम? त्याइनं सातही वार वेगळे बोलून ठेवले आहेत, ‘सकाळी अकरा वाजता’ वेगळं, ‘दुपारी चार वाजता’ वेगळं, ज्याचं जे असंन ते जोडून घ्याचं. आमच्या रीनानं शिकवलं जोडाले — पोरगी आमची, साकोलीले कॉलेजात आहे. सुलोचनाबाई त तीन खेपा आली. पहिले म्हने चार वाजता नोको, उन्हाळ्यात मेली त लोकाइले ऊन लागंन, अकरा करा. मंग म्हने नातवाले नौकरी लागली, ते टाका. मंग आली आन् म्हने, नौकरी सुटली, काढा. आन् जागेश्वर! तो ह्याईच्याशी भांडालेच आला — ‘सोमाजीच्या बातमीत तुझा गळा भरून आला होता, माझ्या बातमीत कोरडा कसा? मी काय तुझं वाईट केलं?’ सोमाजी जिवंत आहे हो! समोरच बसून चहा पिऊन राहिला होता. पुन्हा केली मंग जागेश्वरची. रडून केली. तवा गेला घरी.

नाई, हासा तुमी. मी बी हासते कवा कवा — पन खूळ नाई जी हे. आमचे हे ग्रामपंचायतीत चपराशी आहेत, पंचवीस वर्षं झाली. पान्याची मोटर, कराच्या पावत्या, आन् मुनादी. भोंग्यावरून सांगाचं — कोनाचा बैल हरपला, लस कवा आहे, कोन वारलं, अंत्ययात्रा किती वाजता. जिल्हा तुटला ना, गोंदिया वेगळा झाला, तवा तीन दिवस ह्याइनंच सांगितलं, ‘आपलं गाव भंडाऱ्यातच आहे, कोनी घाबरू नये.’ तरी दोन मानसं डबा बांधून गोंदियाले जाऊन आली, खात्री कराले. तळ्याच्या पलीकडच्या गावात आयकू जाते त्याईचा आवाज. धानाच्या रोवन्याच्या दिवसात बांधीतल्या बाया कंबर सरळ करून आयकतेत.

त मागच्या पोळ्याले ह्याइले गुचकी लागली. भोंग्यावरच. ‘उद्या सकाळी — हिक् — पोलिओचा — हिक्’. आता गुचकी लागली म्हनजे कोनीतरी आठवन काढून राहिलं, त्याचं नाव घेतलं का थांबते. मंग काय, घ्या नावं! तीन आठवडे अख्खं गाव नावं घेऊन राहिलं. मामाजीचं घेतलं, आत्याबाईचं घेतलं, मेलेल्याइचीही घेतली, त्याईचे शाळेतले मास्तर, तहसीलदार, बदलून गेलेले ग्रामसेवक. येनाराजानारा दारातून एक नाव टाकून जाये. आन् माझ्या पहिले हे एक पोरगी पाहून आले होते — तुमच्याच अड्याळची जी — मी तिचं बी घेतलं. मोठ्या मनानं घेतलं. नेमकी तवाच अर्धा घंटा थांबली गुचकी. चार दिवस बोलली नाई मी त्याईच्याशी. आता वाटते, त्या तीन आठवड्यात नावं घेन्यापेक्षा गाडीत बसवून नेलं असतं त —

मंग चहा नाकातून याले लागला. चाल वाकडी. एकाचे दोन दिसाले लागले, कवडूले कराची पावती दोनदा फाडून दिली, त्यानं गावभर बोंब मारली. तवा नागपूरले नेलं. मशीनीत घातलं. डॉक्टरनं कागदावर मेंदू काढून दाखवला मले, फुलकोबीसारखा, आन् खाली त्याचा देठ. त्या देठाले गाठ. कॅन्सर नाई जी, साधी आहे, हळूहळू वाढनारी, बोराएवढी. पन जागा पाहा ना! गिळाची नस तिथून, आवाजाची तिथून, श्वास बी तिथूनच. डॉक्टर भला मानूस, म्हने सारी गाठ काढाचा हट्ट नाई धरनार, नसेले चिकटली असंन तेवढी राहू देऊ. नाई काढली त एक दिवस श्वास अडवंन. काढली त मानूस वाचंन, पन आवाज जाऊ शकते, काई महिने जाऊ शकते, नाई त कायमचा बी. मी सही केली. ह्याइनं एवढंच विचारलं, ‘साहेब, मंग मुनादी कोन देईन?’

तिथून हे लागलं. म्हने, आवाज आहे तोवर साऱ्याइची करून ठेवतो, आपल्या गावचं मानूस कोन्या परक्या आवाजात नाई गेलं पाहिजे. पहिले साठीच्या वरचे घेतले. मंग पन्नाशीचे रुसले. मंग सासरी गेलेल्या पोरी म्हने, आमी काय गावच्या नाई? ऑपरेशनची तारीख आली त हे म्हने तीस जन बाकी आहेत. मी फोन केला, पुढची घेतली. ती आली तवा चाळीस बाकी! नावं सरतच नाईत, करता तेवढी वाढतेत. आता परवाची आहे. डॉक्टर फोनवर म्हने, बाई, आता तारखेसाठी फोन नोका करू, मानूस घेऊन या.

माझी? केली ना. मी नव्हतं म्हटलं, मी आपली शेंगा सोलत होती, आयकू आलं गोधडीमागून — ‘गावातील उषाबाई...’ उषाबाई म्हनजे मीच जी. सव्वीस वर्षं झाली लग्नाले, आयकलं का, रीनाची माय, याच्या पलीकडे कवा हाक नाई. नवऱ्यानं नाव घ्याची रीत नाई ना आमच्यात, आन् मी बी त्याईचं घेत नाई. बातमी द्याची त नाव घ्याच लागते. हे आंघोळीले गेले तवा मी मोबाईल घेऊन चारदा आयकलं. मरनाची बातमी, आन् मी लाजली! काय सांगू तुमाले. कोनाले सांगू नोका.

पन तुमी एवढ्या दुरून, दोन गाड्या बदलून — तुमच्या गावात त आमचा भोंगा आयकू बी येत नाई. तुमाले कोनं सांगितलं इथं बातम्या करून देतेत म्हनून? — सुनेनं? तिले कोनं? — सानगडीच्या बाजारात, एका बाईनं. — कशी होती बाई? — हिरवं लुगडं. मिरच्या घेत होती.

मीच होती जी ती.

मागच्या बाजारी मी गेल्ती, आन् जो भेटंन त्याले सांगतच सुटली — या, मोबाईलवर करून देतेत, अजून घेऊन राहिले नावं. भाजीवालीले सांगितलं, बांगड्यावालीले सांगितलं, एसटीच्या कंडक्टरले सांगितलं. घरी याची आन् त्याईच्यावरच तनतन कराची, का बाप्पा तुमची यादी काहून सरत नाई! कशी सरंन? मीच भरून राहिली. तिकडे नागपूरले पालथं निजवून डोकं मागून उघडतीन, जी. नावं आहेत तोवर हे इथं आहेत, गोधडीमागून बोलून राहिले, मी चुलीजवळ बसून आयकून राहिली. कोनाच्या का मरनाची बातमी असंना, आवाज त त्याईचा आहे ना.

आयकलं? — ठसका. पानी प्याले असतीन. एक घोट पानी, आन् केवढा वेळ... थांबा. थांबा जरा. — हं. आला श्वास. परवा घोटभर पानी जात होतं, आता चमच्याचं बी जाऊन नाई राहिलं, आन् मी इथं तुमाले प्रगतिशील का ज्येष्ठ ते विचारून राहिली.

नाई लिहीत जी मी तुमचं. हा पाहा, फाडला कागद. रागवा खुशाल. तुमी चांगले टनटनीत आहा, तुमाले वीस वर्षं काई होत नाई, आन् झालं त तुमच्या गावात कोनी ना कोनी सांगंनच. उठा. अहो, आयकलं का — गोधडी काढा! बाहेर कोनी नाई आता! पिशवी भरा! — तुमी जा जी. चारची गाडी आहे अड्याळची, धावत गेले त भेटंन. आन् रस्त्यात कोनी इकडे येताना दिसलं त त्याले बी परतवा. जा म्हटलं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं उषाबाई नवऱ्याला घेऊन नागपूरला गेली, आणि नऊच्या सुमारास नाव लिहून द्यायला आलेली सात माणसं दाराला कुलूप पाहून परत फिरली.